तिच्या गणिताला एक तास द्या!

"पोरगी काय करायलीय सध्या?"
"बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित घेतलंय."
"अगं बाई, गणित! मग पुढं बी.एड. का? का बँकेच्या परीक्षा?"

लातूरच्या लग्नात असो की नांदेडच्या हळदीकुंकवात, हा संवाद ठरलेला. पोरगी गणितात नेमकं काय करतेय, हे कुणी विचारत नाही. कारण आपल्या सगळ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे, ती म्हणजे गणित हा संपलेला विषय आहे. कुणीतरी फार पूर्वी ते सगळं शोधून ठेवलं, पुस्तकात छापलं, शेवटच्या पानावर उत्तरंही दिली. आपण फक्त पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं.

माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. गेली बरीच वर्षं मी नांदेडला कॉलेजात गणित शिकवते. त्यामुळे दोन्ही गावांचं पाणी मला ठाऊक आहे. आपला 'लातूर पॅटर्न' तर महाराष्ट्रभर गाजला. सराव, सराव आणि सराव! त्या मेहनतीला मी नावं ठेवणार नाही. तिच्या जोरावर खेड्यापाड्यातली किती लेकरं डॉक्टर-इंजिनीअर झाली. पण या पद्धतीत उत्तर आधीच ठरलेलं असतं. चार पर्यायांतला एक बरोबर, बाकी तीन चूक. ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही असाही प्रश्न असतो, हे या वाटेवर कधी भेटतच नाही.

आज मला ज्या व्याख्यानांबद्दल लिहायचंय, ती नेमकी इथेच उपयोगी पडतात.

मुंबई आता रात्रभर दूर नाही

२०२० साली लॉकडाऊन लागलं आणि कॉलेजं मोबाइलमध्ये शिरली. तेव्हा वर्गाबरोबर आणखी एक गोष्ट सुरू झाली. मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळुरूच्या संस्थांमधले, कधी परदेशातलेही गणिती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन बोलू लागले. विषय अभ्यासक्रमातला नसे. ते स्वतः ज्या प्रश्नावर काम करतात, त्याची गोष्ट बी.एस्सी.च्या मुलांना कळेल अशा भाषेत सांगायची. तासाभराचं भाषण, मग प्रश्नोत्तरं. फी नाही, प्रवास नाही. लॉकडाऊन उठलं तरी हा प्रकार थांबला नाही. बंगळुरूची आय.सी.टी.एस.सारखी संस्था तर आपली व्याख्यानं यूट्यूबवरच ठेवते. कुणीही, केव्हाही ऐकावीत.

यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण जरा मागे जाऊन बघा. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं १९९४ साली. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांची कॉलेजं त्याच्याकडे. त्याआधी विद्यापीठ म्हटलं की थेट औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. आणि संशोधन करणाऱ्या गणितज्ञाला प्रत्यक्ष ऐकायचं, तर रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठायची. एका भाषणासाठी कोणते आईवडील मुलीला असं पाठवतील? मुलाला एखाद्या वेळी पाठवतीलही. मुलीबरोबर कोण जाणार, राहायचं कुठं, इथूनच प्रश्न सुरू!

म्हणून ही सोय सगळ्यांसाठी असली तरी तिचा खरा फायदा आपल्या लेकींना आहे. जिला घराचा उंबरा ओलांडायला चार जणांची परवानगी लागते, तिच्यासाठी ही व्याख्यानं उंबऱ्याच्या आत आली आहेत.

"हे अजून कुणालाच माहीत नाही"

अशा भाषणात नेमकं काय असतं? आपल्याच मातीतलं उदाहरण देते.

द. रा. कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. १९०५ साली डहाणूला जन्मले, १९८६ साली गेले. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. पण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पदवीला असतानाच, १९२७ साली, स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं होतं. म्हणजे पदवीच्या वयात संशोधन ही काही आजची टूम नाही! पुढे १९४९ मध्ये त्यांना एक गंमत सापडली.

कागद घ्या. चार अंकी कोणतीही संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. हेच अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा : ५४३२. आता लहानाकडून मोठ्याकडे : २३४५. वजाबाकी करा : ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि आता ६१७४वर हीच कृती करा. ७६४१ वजा १४६७... पुन्हा ६१७४! कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ला पोचता आणि तिथेच थांबता. आपल्या विद्यापीठाचं स्थापनेचं साल १९९४ घेऊन बघा, पूर्ण सात पायऱ्या लागतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होईल!

कापरेकरांना आपल्याकडे बरेच दिवस कुणी फारसं विचारलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

आमच्या मुलींनी मागे या विषयावरचं एक ऑनलाइन भाषण ऐकलं. भाषण संपलं, "कुणाला काही शंका?" म्हणून विचारणा झाली आणि नेहमीसारखी शांतता. मग एका मुलीने चॅटच्या चौकटीत लिहिलं, "सर, उत्तराच्या पुढे शून्य आलं तर ते धरायचं का?" मराठीतच लिहिलं होतं. मला वाटलं, हसतील की काय. पण वक्ते एकदम खुलले! म्हणाले, "हाच तर खरा प्रश्न आहे." त्यांनी लगेच २१११ ही संख्या घेतली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. पुढचं शून्य धरून ०९९९ असं चार अंकी ठेवलं तर गाडी बरोबर ६१७४ला पोचते. शून्य सोडून दिलं तर ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. सगळा खेळ खलास! म्हणजे एका शून्याला जागा दिली की नाही, यावर सगळं अवलंबून. त्या मुलीला बाकी काय कळलं, काय नाही, देव जाणे. पण आपली शंका 'बावळट' नव्हती, हे तिला कळलं. पुढच्या आठवड्यात तिने तीन अंकी संख्यांचं गणित करून आणलं. तिथे ४९५ येतात. पाच अंकांना मात्र असा एकच आकडा मिळत नाही, संख्या गोल गोल फिरत राहतात. का, म्हणून ती मला विचारत होती. पेपरात येणार नसलेल्या गोष्टीबद्दल तिने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

या व्याख्यानांतून मिळणारी मोठी गोष्ट हीच. एवढा मोठा माणूस पडद्यावर येऊन सरळ सांगतो, "इथपर्यंत आम्हाला माहीत आहे. याच्या पुढचं अजून कुणालाच माहीत नाही." ज्या मुलीने बारावीपर्यंत फक्त 'बरोबर की चूक' ऐकलंय, तिच्या कानांना हे वाक्य नवं असतं. म्हणजे गणित संपलेलं नाही. अजून जागा आहे, आणि त्या जागेत मीही असू शकते!

लाडवांचं गणित

गणितातल्या बायकाही या भाषणांमधूनच भेटतात. दिवाळीत डब्यात लाडू रचताना आपण काय करतो? खालच्या थरातल्या लाडवांच्या मधल्या खळग्यात वरचा लाडू बसवतो. फळवाला संत्री रचतो तेही तसंच. यापेक्षा दाटीवाटीने रचता येईल का? १६११ साली केप्लर म्हणाला, नाही येणार. या रचनेत सुमारे ७४ टक्के जागा भरते, त्याहून जास्त भरणं शक्य नाही. बरोबरच म्हणाला, पण ते सिद्ध व्हायला जवळजवळ चारशे वर्षं गेली! थॉमस हेल्स यांनी १९९८ साली संगणकाच्या मदतीने ते करून दाखवलं.

आपण लांबी, रुंदी, उंची अशा तीन मितींत राहतो. गणिती लोक हाच प्रश्न चार, पाच, आठ मितींतही विचारतात. डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण आकडेमोड करता येते. आठ मितींचं उत्तर २०१६ मध्ये युक्रेनच्या मारिना व्हायाझोव्स्का यांनी शोधलं. लगेचच चार सहकाऱ्यांबरोबर चोवीस मितींचंही. २०२२ साली त्यांना फील्ड्स पदक मिळालं. हे गणितातलं सर्वोच्च मानलं जाणारं पदक १९३६पासून दिलं जातं. पण ते मिळवणाऱ्या स्त्रिया दोनच. त्याआधी २०१४ साली इराणच्या मरियम मिर्झाखानी.

आपल्या देशातल्या नीना गुप्ता घ्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्राध्यापक. झारिस्की यांच्या नावाचा अनेक वर्षं अडकून पडलेला बीजगणितातला एक प्रश्न त्यांनी सोडवला. २०२१चं रामानुजन पारितोषिक त्यांना मिळालं. आणि आपल्या मंगला नारळीकर! 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' ही त्यांची पुस्तकं तुमच्यापैकी कुणी ना कुणी मुलांसाठी आणली असतील. १९६४ साली एम.ए.ला सुवर्णपदक, मग लग्न, परदेशातला संसार, मुली, सासू-सासरे. पीएच.डी. पूर्ण केली १९८१ साली. मधली वर्षं घरात गेली, पण गणित सुटलं नाही. २०२३ साली त्या गेल्या.

फोन कुणाचा, वेळ कुणाची?

आता जरा कडू बोलते. व्याख्यान फुकट असलं तरी ते ऐकायला तीन गोष्टी लागतात : फोन, रेंज आणि एक अखंड तास. यातलं तिसरं सगळ्यात महाग!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे आहेत. देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर परिस्थिती सुधारली असेलच. पण अजूनही कितीतरी घरांत चांगला फोन भावाचा असतो, आणि मुलीला तो "काम असेल तेवढाच" मिळतो.

आणि फोन हातात आला तरी काय? व्याख्यान सहसा संध्याकाळी असतं, परदेशातला वक्ता असला तर रात्री. म्हणजे आपल्याकडे भाकरीच्या वेळेला! माझ्या कितीतरी मुली कानात एक बोंडूक घालून, पोळपाट समोर घेऊन ऐकतात. मध्येच "पाणी आण ग", "पाहुणे आलेत, चहा टाक". साखळी तुटली की गणित तुटलं. सिनेमा मध्येच सोडून पुन्हा बघता येतो, सिद्धता नाही बघता येत. शिवाय रात्री नऊला दार लोटून मुलगी हळू आवाजात मोबाइलवर बोलताना दिसली की आजी विचारणारच, "कोणासंगं बोलायलीस ग?" त्याच वेळी भाऊ क्लासचे व्हिडिओ बघत बसला तर घरात सगळे चवड्यावर चालतात, "त्याचा अभ्यास चाललाय" म्हणून.

मैत्रिणींनो, हा भेद आपणच करतो. पुरुषांवर सगळं ढकलून चालणार नाही. तिला हाक बहुतेक वेळा आपणच मारतो.

म्हणून मुलीच्या आयांना माझं एकच सांगणं असतं. आठवड्यातून एक तास. त्या तासात तिला हाक मारायची नाही. शंका येत असेल तर खुशाल शेजारी जाऊन बसा, पडद्यावर बघा. काही कळणार नाही कदाचित, पण मुलगी काय ऐकतेय ते दिसेल. एक आई अशी बसली आणि लाडवांचा तो प्रश्न ऐकून म्हणाली, "आम्ही रोज करतो ते, ह्यांना चारशे वर्षं लागली व्हय!" पोरगी इतकी हसली! त्यानंतर त्या घरात व्याख्यानाच्या दिवशी भाकऱ्या लवकर होतात.

प्रमाणपत्रांची चळत नको

दुसरी गोष्ट मुलींसाठी. लॉकडाऊनमध्ये वेबिनारचं पेव फुटलं होतं. लिंक उघडायची, आवाज बंद करून फोन बाजूला ठेवायचा, शेवटी फॉर्म भरायचा की ई-प्रमाणपत्र हजर! काहींनी पन्नास-पन्नास गोळा केली. त्यातली दोन वाक्यं आठवतात का, विचारा. ही भाषणं प्रमाणपत्रासाठी ऐकायची नाहीत.

मग ऐकायची कशी? पहिली पंधरा मिनिटं कळतात, मग हळूहळू डोक्यावरून जायला लागतं. घाबरू नका. प्राध्यापकांचंही असंच होतं! अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले गणितज्ञ रवी वकील विद्यार्थ्यांना एक साधी युक्ती सांगतात. एक चिटोरं घ्यायचं आणि भाषणातून फक्त तीन गोष्टी टिपायच्या. एखादी नवी व्याख्या, एखादं उदाहरण, एखादा पडलेला प्रश्न, काहीही चालेल. तीनच! सगळं समजून घ्यायचा अट्टहास सोडला की ऐकणं सोपं होतं.

इंग्रजीची भीती हा आपल्याकडचा मोठा अडसर. पण गणिताची चिन्हं नांदेडला जी, तीच न्यूयॉर्कला. यूट्यूबवरचं भाषण थांबवून, मागे नेऊन ऐकता येतं, खाली अक्षरं लावता येतात. डेटा कमी असेल तर चित्राचा दर्जा कमी करा, आवाज स्पष्ट असला की झालं. आणि प्रश्न मोडक्या इंग्रजीत नाहीतर सरळ मराठीत लिहा. कुणीतरी सांगून टाकतं.

सगळ्यात चांगलं म्हणजे एकटीने ऐकू नका. आम्ही कॉलेजात दर पंधरवड्याला एक ध्वनिमुद्रित व्याख्यान प्रोजेक्टरवर लावतो. आधी दहा मिनिटं मराठीतून विषय सांगायचा, मध्ये दोनदा थांबवायचं, शेवटी चहा. खर्च चहाचाच! ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांची सोय होते. भाकरीच्या वेळेचा प्रश्नही मिटतो, कारण ते दुपारी असतं. लातूर-नांदेडच नव्हे, अहमदपूर, लोहा, उदगीर, देगलूर, कुठल्याही कॉलेजला हे जमेल. शिकवणाऱ्या मैत्रिणींनी मनावर घ्यावं.

पुढे काय?

"हे ऐकून नोकरी लागते का?" हा प्रश्न येणारच. यावा. भाषण ऐकून नोकरी लागत नाही. पण दारं कुठं आहेत ते कळतं. पदवीच्या मुलांसाठी पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या पुढाकाराने माधव गणित स्पर्धा होते, हे आमच्या मुलींना अशाच एका भाषणात कळलं. १९९३ साली प्रा. एस. कुमरेसन यांनी सुरू केलेला 'एम.टी.टी.एस.' हा उन्हाळी कार्यक्रम आहे. तिथे पाठांतर नाही, स्वतः विचार करायला शिकवतात. २०२०च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 'पॉलिमॅथ ज्युनिअर' नावाचा ऑनलाइन उपक्रम निघाला. पदवीचे विद्यार्थी गट करून, घरी बसून, खऱ्या संशोधनाच्या प्रश्नावर काम करतात.

घरी बसून काय होतं, असं वाटत असेल तर हॅना कैरोची गोष्ट ऐका. बहामा बेटांवर वाढलेली, शाळेत न जाता घरीच शिकलेली मुलगी. बरंचसं गणित इंटरनेटवर शिकली. करोनाच्या काळात अमेरिकेतली मुलांची गणित मंडळं ऑनलाइन झाली, म्हणून तिला त्यात शिरता आलं. २०२५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तज्ज्ञ मंडळी १९८०च्या दशकापासून खरं मानून चाललेलं एक अनुमान तिने खोटं पाडलं! तिचा निबंध 'अर्काइव्ह' या संकेतस्थळावर आहे. तो नांदेडची मुलगीही एक रुपया न देता उघडू शकते.

प्रत्येक मुलगी हॅना होणार नाही. त्याची गरजही नाही. बहुतेक जणी शिक्षिका होतील, बँकेत जातील, काही जणींची पदवी होताच लग्नं होतील. पण जिने एकदा "हे असंच का?" असं विचारून बघितलं, ती पुढे वर्गातल्या पोरांना गप्प बसवणार नाही. बँकेच्या कागदावर न वाचता सही करणार नाही. स्वतःच्या आयुष्याबद्दलही कुणी ठरलेलं उत्तर पुढे केलं, तर क्षणभर थांबून विचारेल. आणि चारशे मुलींतली एखादी खरंच त्या रिकाम्या जागेपर्यंत पोचली, तर? ती कोण, हे आज आपल्याला माहीत नाही. म्हणून तर प्रत्येकीला तो तास द्यायचा.

येत्या आठवड्यात तुमच्या घरातली मुलगी म्हणाली, "आई, सात ते आठ माझं गणिताचं भाषण आहे," तर भाकऱ्या आधी करा, नाहीतर नंतर. त्या दिवशी ताटं भावाला घेऊ द्या. आणि आठ वाजता तिला एवढंच विचारा, "तुझ्या त्या तीन गोष्टी कोणत्या ग?"